वेत्रवतीने मीठ बघितले

पूर्वी कृतयुग सरत आले असता, विंध्याच्या दक्षिणेस सागवृक्षांच्या निबिड छायेत सुपर्वा नावाचा पराक्रमी राजा राज्य करीत होता. मृगयेत एका दंष्ट्राकराल वराहाने त्याची मांडी फाडली, तेव्हा त्याची पट्टराणी, निषादराजाची कन्या वेत्रवती, हिने अग्निदेवास नवस केला, "स्वामी उठले, तर तोच वराह स्वहस्ते रांधून तुला अर्पीन." राजा बरा झाला आणि त्याने तो वराह लोळवून आणला.

मग त्या राजस्त्रीने पदर खोचला. वराहाचे राठ केस जाळावर भाजून खरवडले, मांसाला हळदमीठ चोळून ते चिंचेच्या कोळात मुरवले, आणि मिरी, पिंपळी, सुंठ वाटून हंडी चढवली. मिरची अद्याप भूलोकी अवतरली नव्हती, बिचारे कृतयुग! शिकारीचे मांस मोठे हट्टी. म्हणून राणी फोड काढून बघे, जाळ सारी आणि पुन्हा बघे.

हे पाहून राजपुरोहित तिग्मश्रवा ऋषींचा क्रोध अनावर झाला.

"देवाचा नैवेद्य उष्टा केलास?"

"मुनिवर, केवळ मीठ बघितले."

"आणि दुसरी फोड?"

"शिजले का, ते बघितले."

"आणि तिसरी?"

राणीने मान खाली घातली. "ती चांगली लागली म्हणून."

मुनींनी ओंजळीत शापोदक घेतले. "या राज्यात यापुढे एकही चूल..."

आपल्या जिभेपायी सारी प्रजा उपाशी राहणार, या विचाराने राणीला रडू कोसळले. तोच चुलीतून सप्तजिव्ह अग्निदेव प्रकटले. ते हसत होते.

"थांबा, ऋषिवर. सकाळपासून ही हंडी मीच चाटतो आहे. पहिला घास माझा झाला, हिने खाल्ला तो माझा प्रसाद. यात उष्टे ते काय?"

मुनींनी ओंजळीकडे पाहिले. "पण देवा, हातातले शापोदक वाया जाऊ शकत नाही."

"वाया कशाला घालवता? हंडीत ओता. रस्सा आटला आहे."

मुनींनी मुकाट्याने ओंजळ रिती केली आणि रश्शाला असा काही सुगंध सुटला की यज्ञमंडपातले मंत्र मध्येच थांबले. अग्निदेव संतुष्ट होऊन वदले, "राणी, शिकार रांधणाऱ्याने मीठ बघितल्यास त्याला कधीही दोष लागणार नाही."

हा वर ऐकताच तिग्मश्रवा ऋषी चुलीजवळ सरकले. पळसाचे पान पुढे करून गंभीरपणे म्हणाले, "शेवटचे पाणी मी घातले आहे. तेव्हा रांधणाऱ्यांत मीही आलो."

तेव्हापासून शिकारीची हंडी शिजत असली की चुलीपाशी माणसे जमतात, कोणी लाकूड सारतो, कोणी पाणी घालतो, आणि मीठ मात्र एका फोडीत कोणालाच कळत नाही.