वेणूच्या चुलीवरचा नवलकोल

निळ्या डोंगराच्या पायथ्याशी, झुळझुळत्या ओढ्याकाठी, वेणू नावाची मुलगी आईबरोबर राहत होती. आई बांबूच्या टोपल्या विणायची. पण त्या हिवाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, मात्र तोंडाची चव परत आली नाही. वेणूने घास पुढे केला की आई मान फिरवायची.

"नको गं, सगळं मातीसारखं लागतं."

आईचे हात इतके बारीक झाले, की बांबूची कामटीही तिला वाकवता येईना. वेणूला फार काळजी वाटायची.

एका सकाळी ती रानभाजी शोधायला ओढ्यापलीकडे गेली. धुकं विरलं आणि समोर एक बाग दिसली. चांदण्यांसारखी कोथिंबिरीची फुलं, जांभळी जांभळी वांगी, लाल माठाची मखमल, आणि पानापानावर दवाचे लखलखते मणी! एका पानावर बोटाएवढी परी कुडकुडत बसली होती. तिचे पोपटी पंख दवाने चिंब भिजले होते.

वेणूने तिला अलगद ओंजळीत घेतलं आणि हळूहळू उबदार फुंकर घातली. पंख सुकले, चमचम चमकले.

"किती मऊ आहे गं तुझी ओंजळ," परी म्हणाली. "सांग, काय हवं तुला?"

"माझ्या आईने पोटभर जेवावं, एवढंच."

"मग या बागेतली एक भाजी घेऊन जा. एकच हं. तुझ्या हाताने शिजव. आणि दाराशी कुणी भुकेलं आलं, तर आधी त्याला वाढ. नाहीतर भाजीची चव उडून जाईल."

वेणूने सगळीकडे पाहिलं. एका वाफ्यात मातीवर हिरवे चेंडू बसले होते. त्यांच्या अंगातूनच लांब देठ फुटले होते आणि टोकाला निळसर पानं डुलत होती. असलं काही तिने कधी पाहिलं नव्हतं. "हा घेऊ?" परीने मान डोलावली.

घरी आल्यावर वेणू त्या चेंडूकडे बघतच राहिली. हा चिरायचा कसा? तिने पानं खुडून बाजूला ठेवली. जाड साल काढली. आत दुधासारखा पांढरा गर! एक फोड तिने चाखून पाहिली. कुरकुरीत, गोडसर, किंचित मुळ्यासारखी. तिने बारीक फोडी केल्या, मोहरी-मिरचीची फोडणी दिली, हळद घातली, घरात उरलेली मूगडाळ घातली आणि वर झाकण ठेवलं. मंद मंद वाफ घरभर दरवळली.

आईने कूस बदलली. "काय शिजतंय गं?"

वेणूचं काळीज आनंदाने धडधडलं. ती ताट वाढणार, तोच दारातून आवाज आला.

"आहे का गं कुणी? कालपासून पोटात काही नाही."

दारात म्हातारी कासारीण उभी होती. डोक्यावर बांगड्यांची टोपली, पाय धुळीने माखलेले. वेणूने पातेल्याकडे पाहिलं. भाजी थोडीशीच होती. तिने आईकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "या आजी, बसा."

आजीला दात नव्हते, पण फोडी लोण्यासारख्या शिजल्या होत्या. "आणखी वाढतेस, बाळ?" वेणूने वाढलं. आजीने पुन्हा मागितलं, तिने पुन्हा वाढलं. पातेलं रिकामं झालं. आजी तोंडभर आशीर्वाद देत निघून गेली.

वेणूचे डोळे भरून आले. आता आईला काय देऊ? एवढ्यात तिला बाजूला ठेवलेली पानं दिसली. तिने ती धुतली, कोवळे देठ आणि पानं बारीक चिरली. लसणाच्या फोडणीवर परतली आणि डब्यातलं उरलंसुरलं बेसन वर पेरलं. भाजी मोकळी, खमंग झाली. तिने भाजी-भाकरीचं ताट आईपुढे ठेवलं.

आईने छोटासा घास घेतला. हळूहळू चावला. मग दुसरा घेतला.

"वेणू, याला चव आहे गं," ती म्हणाली, आणि तिच्या गालांवर कितीतरी दिवसांनी हसू उमललं.

खिडकीत सोनेरी उजेड पसरला. चौकटीवर परी बसली होती.

"परीताई, या भाजीला म्हणतात तरी काय?" वेणूने हळूच विचारलं.

"नवलकोल," परी म्हणाली. "तू आधी भुकेल्याला वाढलंस. आता तुझ्या परसात ही भाजी कधी सरणार नाही."

तिने पंख झटकले. हिरव्या ठिणग्या परसभर उडाल्या, आणि जिथे जिथे पडल्या तिथे इवल्या इवल्या रोपांनी माना वर काढल्या. उजेड लख्ख झाला, मग मावळतीच्या उन्हात मिसळून गेला. परी दिसेनाशी झाली.

वेणू परसाकडे बघत उभी होती. आतून आईने हाक मारली, "वेणू, अजून अर्धी भाकरी आहे का गं?"