द्रुमिलाची अरणी

त्रेतायुगाचा आरंभ होता. देव तेव्हा माणसांच्या हाकेच्या अंतरावर राहत. पयोष्णीच्या तीरी काषायन मुनींचा आश्रम होता. संथ पाणी, वडांची दाट सावली, दुभत्या गाई. वेदघोष ऐकत हरणे निर्भयपणे रवंथ करीत. मुनी तपाने उग्र आणि बोलण्यात तुटक.

आश्रमाचा नियम कडक होता. अध्ययन संपले की शिष्याने अरणीच्या खाचेत दांडा उभा धरून तळहातांनी घुसळायचा आणि लाकडातून अग्नी काढायचा. निघाला तर अग्निहोत्राची दीक्षा. नाही निघाला तर घरी परतायचे, पुन्हा यज्ञाला बसायचे नाही.

द्रुमिल नावाच्या शिष्याला अग्नी काढता येईना. तळहात सोलून निघाले. धूर मात्र यायचा.

सहाध्यायी सुरोच म्हणाला, "वा द्रुमिला! डास पळाले. एवढा तरी उपकार झाला."

सगळे हसले. द्रुमिलाने दांडा खाली ठेवला आणि तो गुरूंच्या पाया पडला.

"भगवन्, निरोप द्या. अग्नीला मी नको आहे."

मुनींनी अरणी उचलून उन्हात धरली.

"ही खाच कोळशासारखी काळी झाली आहे. कोणी केली?"

"मीच."

"मग अग्नी तुझ्या दारापर्यंत येऊन गेला आहे. धूर दिसला की तू काय करतोस?"

"थांबतो. ठिणगी पडली का, ते वाकून बघतो."

"का?"

द्रुमिल खाली मान घालून म्हणाला, "माझ्या हातून होईल असे वाटत नाही, म्हणून."

"मला वाटते. अरे, तू थांबतोस आणि लाकूड निवते. बघायचे काम आजपासून माझे. तू डोळे मीट आणि घुसळ. सुरोचा, हसून झाले असेल तर वाळलेल्या शेणाची भुकटी आण."

वृद्ध मुनी शिष्यासमोर मांडी घालून बसले. द्रुमिल घुसळू लागला. धुराचा वास आला, हात अडखळले.

"मी बघतो आहे," मुनी म्हणाले. "चालू दे."

हात पुन्हा फिरले. भुकटीवर लाल कण पडला, मुनींनी फुंकर घातली, आणि सप्तजिव्ह, सुवर्णकेश भगवान अग्निनारायण साक्षात प्रकट झाले.

"द्रुमिला, प्रसन्न आहे. तुझ्या नुसत्या दृष्टीने समिधा पेटतील, असा वर देऊ?"

"नको, देवा. मला घुसळता येते."

देव हसले. "मग काय देऊ?"

"माझ्यासारखा कोणी धुरापाशी अडला, तर त्याच्यासमोर कोणीतरी बसलेले असावे."

"तथास्तु! यापुढे एकट्याने केलेले मंथन मला पोचणार नाही."

द्रुमिलाला त्याच दिवशी दीक्षा मिळाली. तेव्हापासून त्या तीरावर मंथनाला दोघे बसतात. एक घुसळतो, दुसरा बघतो. आणि अग्नीला आहुती देताना दोघांचीही नावे घेतात.