रेगेबाईंची परीक्षा

“...आणि माझी परीक्षा कोण घेणार?”

रेगेबाईंनी विचारलं, तेव्हा धैर्यशील वहीत सह्या करत होता.

भैरवमाळावरच्या ग्लायडर क्लबचा हंगाम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. पावसाळाभर शेडमध्ये झाकून ठेवलेली दोन्ही विमानं धुऊनपुसून बाहेर आली होती. धावपट्टीवरचं गवत कापून झालं होतं. चार महिने जमिनीवर बसलेल्या प्रत्येकानं हंगामाआधी प्रशिक्षकाला मागे बसवून एकदा उडून दाखवायचं, असा क्लबचा नियम. मग वहीत पास किंवा नापास.

या वर्षी प्रशिक्षक होता धैर्यशील मोहिते. वय एकतीस. क्लब आता तोच चालवणार होता, आणि ते त्याच्या चालण्यातही दिसत होतं. सकाळपासून त्यानं नऊ जणांना तपासलं होतं. डोक्यावरचं काचेचं झाकण नीट न लावणाऱ्या एकाला सरळ नापास केलं होतं.

“नियम म्हणजे नियम,” असं त्याला ऐकवलंही होतं.

रेगेबाई एकाहत्तर वर्षांच्या. या माळावरच्या प्रत्येकाला त्यांनीच उडायला शिकवलेलं. धैर्यशीललाही.

“तुमची कसली परीक्षा, बाई?” तो हसला. “तुमच्या नावापुढे मी लिहूनसुद्धा टाकलंय.”

बाईंनी वही ओढून घेतली. आपल्या नावापुढचं ‘पास’ खोडलं.

“मागे बस,” त्या म्हणाल्या.

माळाच्या दुसऱ्या टोकाला दोर गुंडाळणारं विंच घुरघुरलं. दोर ताणला गेला, आणि बिनइंजिनाचं ते पांढरं विमान पतंगासारखं वर खेचलं गेलं. हजार फुटांवर बाईंनी दोर सोडला. आता फक्त वाऱ्याचा आवाज.

“घारी बघ, धैर्यशील! चार आहेत!”

घारी फिरत होत्या तिथे तापलेली हवा वर चढत होती. बाईंनी विमान त्यांच्यात नेऊन घातलं. पंख कलला. सीटनं खालून ढकललं. दीड हजार... दोन हजार... एक घार पंखाच्या टोकाशेजारून मान वळवून बघत गेली. बाई आनंदानं ओरडल्या. धैर्यशीलही ओरडला.

पुढे एक भला मोठा ढग होता. बाई त्याच्याकडे निघाल्या. धावपट्टी मागे पडत चालली.

ढगाखाली पोचल्यावर कळलं, तिथे चढती हवा नव्हतीच. विमान खाली बसायला लागलं.

बाराशे... हजार...

आता धावपट्टीकडे वळायला हवं, धैर्यशीलच्या मनात आलं.

बाई सरळच चालल्या होत्या.

नऊशे. बाईंच्या मनात काहीतरी असणार... त्यांच्या पांढऱ्या अंबाड्याकडे बघत तो बसून राहिला. बाईंना आपण काय सांगायचं?

आठशे. खालच्या उसाच्या सऱ्या वेगवेगळ्या दिसायला लागल्या.

सातशे.

“बाई...”

विमान सरळच चाललं होतं.

“बाई, माझ्याकडे द्या!”

त्याच क्षणी बाईंनी दोन्ही हात स्टिकवरून काढले आणि डोक्याच्या वर धरले. मागून त्याला दिसतील असे.

धैर्यशीलनं मागच्या सीटपुढची स्टिक धरून विमान वळवलं. वारा तोंडावर होता. समोर बाभळींची रांग आली, वाढली, पोटाखालून सरकून गेली. चाक धावपट्टीच्या अलीकडे, न कापलेल्या गवतात टेकलं. एक उसळी बसली. विमान थांबलं.

माणसं टाळ्या वाजवत धावत आली. “काय उतरवलंत, बाई!”

धैर्यशील मागच्या सीटवरून खाली उतरला. आता त्याला सगळं उमगलं होतं, निदान त्याला तसं वाटलं.

“मुद्दाम केलंत ना, बाई? मी कधी बोलतो ते बघायला?”

टाळ्या थांबल्या.

बाईंनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला.

“नाही रे. मला धावपट्टी जवळ वाटत होती.”

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तू सातशे फुटांपर्यंत गप्प का होतास?” त्यांनी विचारलं.

“पुढे तुम्ही होतात, बाई.”

“आणि मागे कोण होतं?”

त्यानं पंखाचं टोक धरलं.

सगळ्यांनी मिळून विमान ढकलत सुरुवातीच्या जागी आणलं. बाईंनी वही आणून त्याच्यापुढे धरली. त्यानं पेन उघडलं... पुन्हा बंद केलं.

“उद्या परत एकदा उडू, बाई. मग लिहितो. आज उन्हाची तिरीप...”

“धैर्यशील.”

त्यानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. नापास. एकटीनं उडण्यास मनाई.

बाईंनी ते दोनदा वाचलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा फुलत गेला. बाईंनी त्याला पहिल्यांदा विमानात एकटं सोडलं, त्या दिवशीही त्यांचा चेहरा त्यानं इतका फुललेला पाहिला नव्हता.

वही त्याच्या हातात देऊन बाई पुन्हा विमानात चढल्या. पुढच्या सीटवर बसल्या आणि भराभर पट्टे आवळायला लागल्या.

“बाई, अहो... आता कुठे?”

“शिकायला,” बाई म्हणाल्या. “दोर लावायला सांग!”