विहिरीची दुपारची झोप

“उतर खाली माझ्या विहिरीवरून!”

“तुझी विहीर? अगं बाई, बेट माझं, म्हणजे विहीरही माझीच!”

अशी जुंपली होती बरं का दोघांची. कठड्यावर चढून ओरडत होता तो सुखसेन राजा. आणि खाली कमरेला पदर खोचून उभी होती आवडाबाय, बेटावरची कोळीण. कुणाच्या बापाला भ्यायची नाही ती.

झालं होतं काय, राजाला समुद्रातलं ते बेट आवडलं. मग त्यानं तिथे सुखमहाल बांधला. हल्ली तुम्ही रिसॉर्ट म्हणता ना, तसला. माडामाडाला झोपाळे, झोपाळ्यांत लोळणारे पाहुणे. गलबतं भरभरून यायची. पण गोड्या पाण्याची विहीर एकच. म्हणून कोळ्यांची रीत होती, सकाळी पाणी भरायचं आणि दुपारी विहिरीला झोपू द्यायचं. ऊन उतरेपर्यंत पोहरा बुडवायचा नाही.

राजा हसला. “विहीर झोपते? मग घोरते का गं?” आणि भर दुपारी त्यानं रहाट सुरू केला.

पहिल्या दुपारी पोहायचा तलाव भरला. पाहुण्यांचं सरबत मचूळ लागलं. आवडाबाय म्हणाली, “झोपमोड केलीस तिची.” ऐकतो कोण!

दुसऱ्या दुपारी हिरवळ भिजवली. राणीच्या केसांत रिठ्याचा फेस होईना. राजा म्हणाला, “रिठेच जुने.”

तिसऱ्या दुपारी कारंजी उडवली. मग मात्र विहिरीतलं गोडं पाणी उठून बसलं. लाल डोळे चोळले, आणि तरातरा निघून गेलं जमिनीच्या पोटात. उरलं नुसतं खारं. माडावरची शहाळीसुद्धा खारट! पाहुणे पहिल्याच ओहोटीला पळाले. कोळ्यांनीही होड्यांत भांडीकुंडी भरली. पाण्यावाचून राहणार कसे? जन्माचं घर सोडायची पाळी आली.

आवडाबाय हलली नाही. काठावर बसून, तान्ह्या लेकराला थोपटावं तशी विहिरीचा दगड थोपटत राहिली. एक दुपार, दोन दुपारी, तीन दुपारी. तिसऱ्या दुपारी खोल खालून संथ श्वास ऐकू आला.

तेवढ्यात आलाच राजा, घसा कोरडा, पाय आपटत. “पाणी वर आण, थेरडे! माझा हुकूम आहे!”

ती एकच वाक्य बोलली. राजा गप्पकन खाली बसला, तोंडावर बोट ठेवून. ऊन उतरलं आणि विहीर गोड्या पाण्यानं काठोकाठ भरली. होड्या रिकाम्या झाल्या, चुली पेटल्या. सुखमहालात आता खेकडे नांदतात. राजा जाळी विणतो, राणी मासे सुकवते, आणि दुपारी सगळं बेट कुजबुजत बोलतं. सुखात आहेत सगळे.

घ्या पांघरूण. मिटा डोळे. आवडाबाय काय म्हणाली तेवढं ऐका आणि झोपा.

“हळू बोल रे मेल्या, आत्ता कुठे तिचा डोळा लागलाय.”