शिवी घालता येईल असं नाव

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका चिमुकल्या राज्याला एकदा एका मोठ्या लढाऊ जहाजाची हौस आली. व्यापाऱ्याने साग पुरवला, सुतारांनी वर्षभर खपून जहाज उभं केलं, आणि मग प्रश्न आला नावाचा. दरबारात म्हाताऱ्यांची वाण नव्हती; डोकं चालवणाऱ्यांची होती. कोणी देवाचं नाव सुचवलं, कोणी डोंगराचं. शेवटी लाकडाचा व्यापारी हात जोडून राजाला म्हणाला, "सरकार, आपल्या दिवंगत वडिलांहून थोर ह्या किनाऱ्यावर कोण झालं?"

झालं! सगळ्या पांढऱ्या मिशा एकदम डोलल्या. जहाजाच्या नाळेवर, पुढच्या निमुळत्या टोकावर, सोनेरी अक्षरं चढली : श्रीमंत आबासाहेब.

त्या किनाऱ्यावर एक जुनी रीत होती. जहाज पाण्यात असलं की रोज पहाटे एक खलाशी तळात उतरे, झिरपून साचलेलं पाणी पाही, आणि वर येऊन जहाजाच्या नावासकट ते मोठ्याने पुकारी. 'मासोळीत एक वीत!' 'घोरपड कोरडी!' काठावरच्या बायका घागरी भरता भरता त्या हाकेवरून आपल्या माणसांची खुशाली ओळखत.

त्याच गावात एक वृद्ध आचार्य राहत. तरुणपणी त्यांनी दर्या पालथा घातला होता. आता शहाणे म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांचा एक शिष्य होता, तोंडाने फटकळ. शिष्याचा थोरला भाऊ नव्या जहाजावर पाणी उपसण्याच्या कामाला लागला होता. जहाज खाडीत उतरल्यावर पहिल्याच पहाटे शिष्य कौतुकाने काठावर जाऊन उभा राहिला. भावाची हाक आली :

"श्रीमंत आबासाहेब... कुशल आहेत!"

शिष्य चक्रावला. ही कसली हाक? दुसऱ्या पहाटेही तेच. तेव्हा त्याने भावाला काठावर गाठलं.

"दादा, पाणी किती ते सांग की. कुशल काय, कुशल?"

"हळू बोल! 'आबासाहेबांच्या पोटात पाणी झालं' असं ओरडू? फटके तू खाशील का?"

"म्हणजे पाणी आहे?"

भावाने आपल्या ओल्या धोतराचा सोगा पिळला.

"तांडेलाला सांगितलंस?"

"त्याला डोळे नाहीत का? सुतारांनाही दिसतंय. पण आबासाहेबांचा तळ कुजका आहे, हे सरकारांच्या तोंडावर म्हणणारा आईच्या पोटी यायचाय अजून."

दुसऱ्या दिवशी जहाज मोहिमेवर निघणार होतं, भावासकट. शिष्य धावतच आचार्यांकडे गेला. आचार्यांनी सगळं ऐकलं आणि ते एवढंच म्हणाले, "उद्या नारळ मीच वाढवणार आहे. तू बरोबर ये."

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी! राजा, मंत्री, व्यापारी, खलाशांची बायकापोरं. आचार्य पुढे झाले. त्यांनी नारळ खाली ठेवला, पायातली वहाण काढली आणि जहाजाच्या नाळेवर फाडकन हाणली.

"कुजक्या! गळक्या! माणसं बुडवायला निघालास काय, मेल्या?"

शिपायांनी त्यांना धरलं. राजा ओरडला, "म्हाताऱ्या, माझ्या वडिलांना वहाण मारतोस?"

"मी लाकडाला मारली, सरकार. वडिलांना त्यात तुम्ही नेऊन बसवलंत." आचार्य शांतपणे म्हणाले. "समुद्र जहाजाला रोज खातो. म्हणून त्याला रोज खरवडावं लागतं, ठोकावं लागतं, त्याच्या उण्यांचा चारचौघांत उच्चार करावा लागतो. ज्याला शिवी घालता येत नाही, त्याची डागडुजीही करता येत नाही. तुम्ही ह्या जहाजाला नाव दिलं नाहीत, त्याचं देवघर केलंत. त्याच्यापुढे सगळे हात जोडतील. तळात कोणी उतरणार नाही. खोटं वाटत असेल तर त्या पोराला विचारा."

भावाला पुढे आणलं.

"पाणी किती?" राजाने विचारलं.

"सरकार, आबासाहेबांची कृपा आहे..."

"कृपा किती ते नाही विचारलं रे! पाणी किती?"

भावाने मान खाली घातली. "कमरेएवढं."

गर्दीत एक बाई मोठ्याने रडू लागली. राजाने वळून लाकडाच्या व्यापाऱ्याकडे पाहिलं. व्यापाऱ्याची जागा रिकामी होती.

शिपायांनी आचार्यांना सोडलं. सगळे 'धन्य, धन्य' करू लागले, आणि तेवढ्यात शिष्य बोलला.

"गुरुजी, नाव ठरलं तेव्हा तुम्ही दरबारात होतात. हे सगळं तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं. मग गप्प का बसलात?"

"योग्य वेळेची वाट—"

"कुठली योग्य वेळ? माझा दादा बुडाल्यावरची?"

मंत्री डाफरले, "ए! वडीलधाऱ्यांशी बोलायची ही रीत?" आचार्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं. हातातल्या वहाणेकडे त्यांनी एकवार पाहिलं.

"माझ्या अंगावरची शाल आबासाहेबांनी दिलेली आहे," ते म्हणाले. "त्या नावापुढे माझीही मान आपोआप खाली गेली. तू विचारलंस ते बरं केलंस. आता नाव तूच सुचव."

शिष्य म्हणाला, "टिटवी."

"शिव शिव! अपशकुनी पाखरू!" मंत्री म्हणाले.

"अपशकुनी कसलं? कोणाचं पाऊल वाजलं की ती आधी ओरडते. राजा आहे की कोल्हा, ते बघत बसत नाही."

राजाने सुताराला खूण केली आणि सोनेरी अक्षरांवर रंधा फिरला.

तळाच्या फळ्या बदलून जहाज पुन्हा खाडीत उतरलं. पहिल्या पहाटे राजा स्वतः काठावर आला होता. अंधुक उजेडात भावाची हाक आली, "टिटवीत दोन बोटं! सांधा बघा रे, भवानी पुन्हा गळतेय!"

सगळ्यांनी धास्तावून राजाकडे पाहिलं. राजा म्हणाला, "ऐकलंत ना? मग बघा की सांधा."

आचार्य शिष्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आता कुशल आहे."

आपल्या गावात थोरामोठ्यांच्या नावाने काय काय उभं आहे ते आठवून पाहा. आणि त्याच्या तळात शेवटचं कोण उतरलं होतं, तेही.