गोजरीची निरगाठ

एकदा काय झालं, एक होतं गाव. त्या गावाला राजा नव्हता, राणी नव्हती, हत्ती-घोडे नव्हते. होता फक्त एक कडा. हा एवढा उंच, की वरून हाक मारली तर खाली पोचेपर्यंत हाकेला भूक लागायची. त्या कड्याच्या पोटाला लटकलेली होती आग्या मोहोळं. सुपाएवढी मोठी. गावाची भाकरी त्या मधावरच चालायची. मध द्यायचा, बदल्यात आसपासच्या गावांतून ज्वारी आणायची. मध नाही तर चूल नाही, बरं का.

आता मध काढायचा कसा? तुमच्यासारखं बरणीत बोट घातलं नि चाटलं, असं नव्हतं ते. एका माणसाने दोराला बसून कडा उतरायचा, धूर करून माश्या उठवायच्या, मग चाकूने पोळं कापायचं. आणि वर दोर धरायला कोण? बायकोचा भाऊ. दुसरं कुणी चालायचं नाही. का, सांगा बघू? अरे, कुठला भाऊ आपल्याच बहिणीचं कुंकू पुसेल? जुनी माणसं खुळी नव्हती.

चाकू असायचा मिटायचा. उघडं पातं कमरेला लावून कड्यावर लोंबकळलं तर मधाआधी स्वतःचंच पोट फाटेल. चाकूच्या मुठीला मागे एक भोक, भोकातून दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. हातातून निसटला तरी चाकू जायला नको. कारण कड्याखालच्या दरीत राहायची एक म्हातारी. तिला कुणी पाहिलं नव्हतं, पण तिचा नि डोंगराचा करार गावात सगळ्यांना पाठ होता. पडलं ते म्हातारीचं, चढलं ते गावाचं. टोपी पडली, म्हातारीची. मडकं पडलं, म्हातारीचं. माणूस पडला, तर तोही म्हातारीचाच. तिथे रडून-भेकून उपयोग नाही.

त्या गावात एक मुलगी होती, गोजरी. सहा वर्षांची असताना बापाच्या मांडीवर बसून ती दोरी वळायला शिकली. टोक पायाच्या अंगठ्याला अडकवायचं आणि तीन पदरांचा गोफ विणत जायचं. एका सकाळी पोर हट्टाला पेटली.

"बा, आज तुझ्या मनगटाला दोरी मी बांधणार."

बापाने हसून हात पुढे केला. तिने जीभ बाहेर काढून, सगळा जोर लावून गाठ मारली. बाप कडा उतरला. आणि मग दोर वर आला तो रिकामा.

गाव म्हणालं, पडला. पडलं ते म्हातारीचं. झालं, संपलं. पण गोजरीच्या मनाने वेगळंच घेतलं. माझी गाठ सुटली. चाकू निसटला. तो धरायला बा वाकला, नि गेला. कुणाजवळ बोलली नाही ती. एवढीशी पोर, हा एवढा धोंडा छातीवर घेऊन वाढली. मला तर नुसतं सांगतानाही वाईट वाटतं.

मग काय, गोजरी मोठी झाली. तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव कानू. आणि कानू काय करायचा? मधच काढायचा! गोजरीला दुसरं कोण मिळणार त्या गावात? वर दोर धरायचा तिचा धाकटा भाऊ धावजी. आणि चाकूची दोरी करायची गोजरी. तिने मनाशी ठरवलं होतं, आता माझी गाठ सुटायची नाही.

पहिली दोरी तिने सुताची केली. मऊ, पांढरी, दिसायला कशी छान. कानू उतरला, पोळं कापलं, आणि दोरी कड्याच्या धारेला घासली. तट्कन तुटली. चाकू गेला गरगरत खाली.

गोजरी कड्याच्या टोकाशी पालथी पडली आणि खाली तोंड करून ओरडली, "आज्ये, आमचा चाकू दे!"

कुणी असं कधी केलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि काय सांगू, खालून उत्तर आलं! रिकामं जातं फिरावं तसा आवाज.

"पडलं ते माझं."

आजवर म्हातारी आहे असं नुसतं म्हणायचे. ती खरंच असेल, असं कुणाला वाटलं होतं?

मग दुसरी दोरी. ही अंबाडीच्या वाखाची. मांडीवर वळून वळून गोजरीची कातडी सोलून निघाली. हत्तीला बांधा, तुटायची नाही! आणि नाहीच तुटली. पण पोळ्यातला मध ठिबकला तो नेमका गाठीवर. गाठ झाली बुळबुळीत. सुर्रकन सुटली, आणि दुसरा चाकू गेला.

"आज्ये, दे की गं!"

"पडलं ते माझं."

आता गावात एकच चाकू उरला, कानूच्या आजोबांचा. लोहार सात डोंगरांपलीकडे, तो वर्षातून एकदा यायचा. कानू म्हणाला, "अगं, गेला तर गेला. कंदमुळं खाऊ." पण गोजरीच्या डोळ्यांसमोर चाकू नव्हता. तो धरायला वाकणारा माणूस होता. गाठ सुटलेली तिने आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे तेव्हाही सुटलीच असणार! दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो ना, तसं झालं तिचं.

ती गेली रानातल्या म्हाताऱ्या कोळ्याकडे. जाळं विणणारा कोळी हो, मासे पकडणारा नाही. म्हणाली, "कोळीदादा, कधीच तुटणार नाही असा धागा दे." कोळ्याने तिच्याकडे आठही डोळ्यांनी पाहिलं. म्हणाला, "देतो. पण बाई, माझ्या जाळ्यात सगळे अडकतात, मी अडकत नाही. का, ते विचारून जा."

गोजरी थांबली का? छे! धागा घेतला नि पळाली. पोरांनो, कुणी सांगत असेल तर दोन घटका थांबावं.

तिने तिसरी दोरी केली. केसाएवढी बारीक. दगडाने ठेचली, तुटेना. विस्तवावर धरली, जळेना. एक टोक तिने चाकूच्या भोकात बांधलं, दुसरं कानूच्या मनगटाला. निरगाठीवर निरगाठ, निरगाठीवर निरगाठ. शेवटची तर दातांनी ओढून घट्ट केली.

"आता जाईल कसा?" ती म्हणाली. अति तिथे माती, हे तिला सांगणार कोण?

कानू उतरला. धावजी दोर धरून उभा. बायका मडकी घेऊन बसल्या. कानूने पोळं कापलं, चाकू हातातून निसटला, आणि दोरीला लोंबकळत राहिला. पडला नाही! वर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि टाळ्या संपायच्या आत दरीतून एक हात वर आला.

हळू, हळू. वडाच्या खोडाएवढा हात, शेवाळ चढलेला. त्याने तो लोंबणारा चाकू मुठीत धरला. आणि ओढला.

दोरी तुटेना. गाठ सुटेना. कानूचा हात खाली ताणला गेला आणि त्याच्यामागून सगळा कानू खाली जायला लागला. दोरी कापायची म्हटली तर चाकू त्या मुठीत! धावजीचे पाय दगडावरून घसरले. बायकांनी मडकी टाकली नि धावजीला मिठ्या मारल्या, तर त्या सगळ्या मिळून घसरायला लागल्या. गोजरीची गाठ सुटत नव्हती. तिची स्वतःची गाठ तिच्या नवऱ्याला ओढून नेत होती.

"कानूऽऽ!" ती किंचाळली.

नवऱ्याचं नाव! चारचौघांत! एक बाई तर एवढी दचकली की तिने धावजीला सोडूनच दिलं. "अगं बया, नाव घेतलंन!" असं म्हणून मग परत धरलं.

पण त्या एका हाकेने गोजरीच्या डोक्यातलं धुकं फाटलं. ती कड्याच्या टोकाशी पालथी पडली.

"आज्ये! तुझा करार काय आहे?"

"पडलं ते माझं!"

"हा पडलाय का?"

हात थांबला.

"बोल की! पडलं ते तुझं, ओढलं ते कुणाचं?"

आणि मग काय झालं असेल? डोंगर खाकरला. हो, डोंगर! चोराला पाहून घरातला म्हातारा खाकरतो ना, तसा. कड्यावरची माती भुरुभुरु सांडली. म्हातारीची मूठ उघडली. कानू झोका घेऊन कड्यावर आपटला, धावजीने त्याला वर ओढलं, आणि तो गोजरीच्या पायाशी येऊन पडला. खरचटलेला, पण जिवंत.

दुसरी कुणी असती तर नवऱ्याला घेऊन घरी गेली असती. गोजरी उठलीच नाही. तिच्या मनात काहीतरी आलं होतं आणि ते विचारायची तिला भीती वाटत होती. तरी तिने विचारलं.

"आज्ये, आजवर अजून कुणाला ओढलंस? खरं बोल. डोंगर ऐकतोय."

खालून आवाज आला. या वेळी अगदी बारीक.

"एकालाच. चाकू चमकत होता गं, लोंबत होता. मला हवासा वाटला. मी चाकू ओढला तर गाठ सुटेना. माणूसच आला सगळा. मग डोंगराला कळेल म्हणून दडवून ठेवला."

गाठ सुटली नव्हती.

गोजरीला रडू येईना की हसू येईना. इतकी वर्षं ती समजत होती, आपली गाठ सैल पडली. आणि ती तर सुटतच नव्हती!

"ओढलं ते तुझं नाही," ती कशीबशी म्हणाली. "परत दे."

धावजीने दोर खाली सोडला. दोराला झटका बसला. सगळ्यांनी मिळून ओढला. आधी वर आला एक हात, मग डोकं. आणि बाळांनो, सगळ्या गावाने आ वासला, तो दुसऱ्या दिवशीच मिटला.

बाप होता. पण कसा? केस काळेभोर. चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. गेला तेव्हा होता तसाच्या तसा. दरीच्या तळाला ऊन पोचत नाही. ऊन नाही तिथे दिवस नाही, आणि दिवस नाही तिथे वय वाढत नाही. बाप नि लेक आता एका वयाचे झाले होते! आणि पाळण्यात सोडून गेलेला धावजी मिशीवाला बाप्या होऊन समोर दोर धरून उभा.

बापाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गोजरीकडेही पाहिलं आणि नजर पुढे नेली.

"माझी पोर कुठंय?" तो म्हणाला. "एवढीशी आहे. आत्ता इथंच उभी होती."

गोजरी नुसती त्याच्या मनगटाकडे बघत होती. मनगटाला दोरी होती आणि दोरीला गाठ, एका लहान पोरीने जीभ बाहेर काढून मारलेली.

"ही सोडवा कुणीतरी," बाप म्हणाला. "लई प्रयत्न केला. म्हातारीने दातसुद्धा लावले. सुटतच नाही."

कानूने ओढून पाहिली. धावजीने ओढून पाहिली. मग गोजरी पुढे झाली. खाली बसली, बापाचा हात मांडीवर घेतला. लहानपणी ही गाठ मारताना तिने दोरीचा एक पदर उलटा घातला होता. ती चूक एकट्या तिलाच माहीत होती. तिने तो पदर नखाने उलटा ओढला, दातांनी सैल केला, आणि गाठ उघडली.

बाप त्या मोकळ्या मनगटाकडे बघतच राहिला. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ.

"गोजू?" तो म्हणाला. "केवढी झालीस गं तू?"

मग दोघं जी रडली, जी रडली, की डोंगरालाही पुन्हा खाकरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी गोजरी कोळ्याकडे गेली. या वेळी थांबली आणि विचारलं. कोळी म्हणाला, "अगं, सगळेच धागे चिकट केले तर मीच अडकेन. पाय ठेवायला एक कोरडा धागा ठेवावा लागतो." तेव्हापासून त्या गावात चाकूची दोरी अशी होते. चाकूच्या बाजूला निरगाठ, मनगटाच्या बाजूला सुरगाठ. एक टोक ओढलं की हात मोकळा. चाकू गेला तर जाऊ दे, माणूस घरी येऊ दे. मग कधीमधी एखादा चाकू पडतो, म्हातारीला मिळतो, तीही खूश. गोजरी, कानू, धावजी आणि तिचा तरणाताठा बा, सगळे मध-भाकरी खाऊन सुखाने राहिले.

चला, झाली गोष्ट. आता झोपा. आणि हे काय? माझ्या पदराला गाठ कुणी मारली रे? मी उठून जाऊ नये म्हणून? वेडाबाई, नाही जात कुठे. बघू, सुरगाठच आहे ना? मग राहू दे तशीच. मिटा डोळे.