पिराचं बंडल

“बाबा, नवस फेडायचा राहिला, तर पीर कोपतो का हो?”

टेकडीवरच्या दर्ग्यात लतीफबाबा फकीर चादर झटकत होते. विचारणारे होते गावचे सरपंच, रंगनाथ खोत. मान खाली घालायची या गृहस्थांना एरवी सवय नव्हती.

“कसला नवस?”

“विडीच्या बंडलाचा. तुमच्या पिराला तेच चढतं ना!”

“चढतं. मागितलं काय होतंस?”

रंगनाथराव घुटमळले.

“ग्रामसभेत ठराव व्हावा... तंबाखू-विडी बंदीचा.”

बाबा हसत सुटले. हसता हसता खालीच बसले.

“हसा, बाबा. माझ्या धाकट्या भावाचा जबडा काढला डॉक्टरांनी. चमच्यानं पेज पितो तो. बघवेना मला... तेव्हा तोंडात येईल ते बोलून गेलो.”

बाबांचं हसू थांबलं.

“झाला ठराव?”

“एकमतानं! शाळेच्या फाटकातली टपरी हलवली. दुकानांतला माल बंद केला. विकेल त्याला दंड. करून दाखवलं, बाबा.” सरपंचांची मान आता चांगली ताठ झाली होती.

“मग बंडल कुठंय?”

मान पुन्हा खाली.

“मिळालं नाही. सगळं गाव पालथं घातलं. गजराबाईच्या दुकानात तर हातापाया पडलो. म्हणाली, सरपंच, तुम्हाला दिलं तर उद्या पोरांना कोणत्या तोंडानं नाही म्हणू?”

“बरोबर बोलली.”

“पण पीर कोपला आणि ठराव मोडला तर? भावाची पोरं मोठी होतायत. भीती वाटते हो मला... तुम्ही म्हणाल तर आत्ता तालुक्याहून आणतो. गाडी आहे.”

“आण की. पण गावातून येताना बंडल हातात धरशील, का सदऱ्याच्या आत?”

रंगनाथरावांनी हातातली गाडीची किल्ली खिशात टाकली.

बाबा उठले. मजारीपाशी नवसाच्या विड्यांची परात होती. ती उचलून त्यांनी सरळ पाण्याच्या बादलीत उपडी केली.

“अहो बाबा, ही तर...” सरपंच बादलीकडे धावले. आजोबा-पणजोबांपासूनची रीत होती ती.

बाबांनी ओले हात कफनीला पुसले.

“जा. गावात सांग... पिरानं विडी सोडली.”